घरातली सगळ्यात चांगली लघवी

बुलढाणा जिल्ह्यात लोक लोणारचं सरोवर बघायला जातात, शेगावला दर्शनाला जातात. मी लघवी बघायला गेले होते. परत आल्यावर शेजारच्या काकूंनी मोठ्या हौसेने विचारलं, "मग काय काय पाहिलंत?" मी खरं ते सांगितलं. तेव्हापासून त्या आमच्याकडे चहा घेत नाहीत.

तर आधी माझा धंदा सांगते. मी पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करते. नावाच्या आधी डॉक्टर लागतं, पण माणसं तपासणारी डॉक्टर मी नव्हे. आमच्याकडे येतात ते उंदीर आणि बाटल्या. माझा विषय आहे मूत्रपिंडाच्या आजारात वाढ-घटकांचं काम. हे ऐकून लग्नात शेजारी बसलेली माणसं जिलबी आणायच्या निमित्ताने उठून जातात, म्हणून सोपं करून सांगते. पेशी एकमेकींना निरोप पाठवत असतात. मूत्रपिंडातल्या बारीक नळ्यांच्या पेशी एक निरोप तयार करतात, 'वाढा, झीज भरून काढा'. त्यातला थोडा लघवीतून वाहून जातो. लघवीत तो भरपूर सापडला तर नळ्या ठणठणीत आहेत असं समजायचं, आटला तर आत पडझड चालू आहे. दुसरा एक निरोप असतो, 'लिंपा'. इजा झाली की तो सुटतो आणि जखम लिंपली जाते. इथवर सगळं चांगलं. पण आजार रेंगाळला की हा निरोप थांबायचं नाव घेत नाही. 'पुरे' हा शब्दच कुणाला ऐकू जात नाही. लिंपण चालूच राहतं आणि शेवटी नळ्याच बुजतात. माझी सगळी नोकरी हा 'पुरे' शोधण्यात चालली आहे.

या शोधापायी आम्ही बुलढाणा जिल्ह्यातल्या तीन गावांतून, मूत्रपिंडाचं दुखणं असल्याचं आधीच ठाऊक असलेल्या लोकांची सकाळची पहिली लघवी मागवली. बाटल्या गोळा केल्या धामणगाव बढ्याच्या पुष्पाताईंनी. गावोगावच्या आरोग्याच्या कामात मुरलेली बाई. संध्याकाळी घरोघर बाटली ठेवायची, सकाळी उचलायची, बर्फात घालून पुण्याला रवाना करायची. सगळं कसं शिस्तीत झालं.

आणि निकाल असे आले की आमचे सर खुर्चीतून उठले. आजारी माणसांच्या लघवीत पहिला निरोप नुसता ओसंडून वाहत होता. अशी लघवी कॉलेजच्या कबड्डी संघाची असते. सर म्हणाले, "एक तर तुम्ही बाटल्यांचा घोळ घातलाय, नाहीतर बुलढाण्याच्या विहिरींना अमृत लागलंय. जा आणि बघून या."

एकच बाटली आजाऱ्यासारखी होती, धाडच्या एकनाथरावांची. तिच्यात पहिला निरोप जवळजवळ आटलेला, 'लिंपा'वाला भलताच चढलेला. सर म्हणाले, "सगळ्या जिल्ह्यात हा एकच प्रामाणिक माणूस दिसतो. त्याला माझा नमस्कार सांगा." मी तो नमस्कार घेऊन मलकापूरला उतरले.

रोहिणखेड

स्टेशनवर पुष्पाताई स्कूटर घेऊन हजर होत्या. थंडीने कानाला रुमाल, त्यावर हेल्मेट, त्यावर पदर. माझ्या मांडीवर रिकाम्या बाटल्यांची पिशवी. मोताळ्याच्या पुढे एका खड्ड्यात स्कूटर उडाली, पिशवी फाटली आणि बाटल्या टणाटण करत रस्ताभर घरंगळल्या. कपाशीतून एक गृहस्थ धावत आले. त्यांनी एकेक बाटली वेचून, स्वतःच्या सदऱ्याला पुसून माझ्या हातात दिली आणि विचारलं, "होमिओपॅथी हाय का जी?"

पुष्पाताई म्हणाल्या, "नाही भाऊ, लघवीच्या हायेत."

त्यांनी सदऱ्याकडे पाहिलं. "रिकाम्या," मी घाईने म्हटलं.

रोहिणखेडला जुनी दगडी मशीद आहे. भिंतीवरचं कोरीवकाम इतकं देखणं की पुण्यात असतं तर बाहेर तिकीटखिडकी, आत शांतता राखा अशी पाटी आणि पाटीवर भांडणारी दोन माणसं असती. इथे उन्हात एक शेळी बसली होती. मी मशीद बघत होते आणि गाव मला बघत होतं. मागे कुणीतरी कुणाला तरी सांगत होतं, "थे पाहा, लघवीवाल्या मॅडम." इतक्या वर्षांच्या शिक्षणानंतर माझ्या कामाचं इतकं नेमकं वर्णन पहिल्यांदाच ऐकलं.

आम्हाला भेटायचं होतं रशीदचाचांना. आठवड्यातून दोनदा बुलढाण्याला जाऊन मशीनवर रक्त धुऊन घेणारा माणूस. अशा माणसाला लघवी होते ती जेमतेम, आणि त्यांची बाटली आली होती काठोकाठ भरून. चाचांनी आधी चहा पाजला. स्वतः घेतला नाही, पाणी मोजून प्यावं लागतं. मग मी विषय काढला.

चाचा हसायला लागले. "मॅडम, मेरे पास क्या रखा है? दिनभर में चमचाभर. ती बाटली अशीच देली असती तर तुमी म्हनले असते, रोहिणखेडवाल्यानं खाली बाटली पाठवली. म्हनून भाच्याची देली. पहलवान हाये. दूध पीता है रोज."

पुष्पाताईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "चाचा, मी तुमाले सांगतलं होतं नं, तुमचीच पाह्यजे म्हनून!"

"हाव, सांगतलं होतं. पण बेटी, अच्छी चीज देने में क्या बुराई?"

बाहेर आल्यावर पुष्पाताई म्हणाल्या, "एखादा असते असा. बाकीचे नाही करनार." मीही हो म्हटलं. पहलवानाच्या दुधाला मनातल्या मनात नावं ठेवत आम्ही पुढे निघालो.

धामणगाव बढे

मुक्काम पुष्पाताईंच्या घरी. नीटनेटकं घर, समोरच्या कोनाड्यात बुद्धाची मूर्ती, तिच्यापुढे ताजी शेवंती. मिस्टर शाळेत शिक्षक, आणि घरावर राज्य सासूबाईंचं. सासूबाईंनाही मूत्रपिंडाचं दुखणं आहे, त्यांचीही बाटली आमच्याकडे आली होती. तीही कबड्डी संघाचीच.

जेवायला वरण-बट्टी. बट्टी म्हणजे काय, ते पुणेकरांना सांगायला हवं. गव्हाच्या जाड पिठाचा गोळा आधी वाफवायचा, मग तळायचा, मग पानात कुस्करून वर इतकं वरण आणि इतकं तूप ओतायचं की खाणाऱ्याने उठण्याचा विचार सोडून द्यावा. सोबत वांग्याची झणझणीत भाजी. मी दोन बट्ट्या खाल्ल्या आणि पानावर हात आडवा धरला. सासूबाईंनी माझ्या बोटांमधून तिसरी सोडली. मी 'पुरे' म्हटलं. चौथी आली. मी मिस्टरांकडे मदतीसाठी पाहिलं, ते पानात मान घालून बसले होते. मुरलेला माणूस. आमच्याकडे पुण्यात पाहुणा एकदा 'पुरे' म्हणाला की पातेल्यावर झाकण पडतं आणि यजमान सुटकेचा श्वास टाकतो. वऱ्हाडात 'पुरे' ही नुसती सुरुवात असते. मूत्रपिंडातला तो 'लिंपा'वाला निरोप नक्की वऱ्हाडी असणार, असं माझं तेव्हा मत झालं.

चौथी बट्टी घशाशी असताना पुष्पाताईंनी चाचांचा किस्सा सांगितला. सगळे हसले. सासूबाई हसल्या नाहीत. त्या तूप वाढत म्हणाल्या, "मंग त्यात काय चुकलं त्याचं?"

पुष्पाताईंचा घास हातातच राहिला. "आई... तुमी बाटलीत कोनाची देल्ली होती?"

"याची," सासूबाईंनी पळी मुलाकडे रोखली. मास्तरांची मान पानात आणखी खाली गेली.

"अव बाई! मी गावभर सांगत फिरली, अन् मायाच घरात..."

"काऊन ओरडून राह्यली व? थे पुण्याले जाऊन राह्यलं होतं नं? घरातून चीज बाहीर जाते तं चांगली जा लागते. मायी खराब हाये हे मले माईत हाये, डाक्टरले माईत हाये. पुण्याले कायले सांगाव?" मग माझ्याकडे वळून, "चांगली निंघाली का नाही मॅडम? खरं सांगा."

"उत्तम निघाली," मी म्हटलं.

"पाह्य!" त्या सुनेला म्हणाल्या आणि खूश होऊन मला पाचवी बट्टी वाढली.

एरवी मी वैतागले असते. महिनोन् महिन्यांचं काम मातीत गेलं होतं. पण खरं सांगायचं तर मला हसू आवरेना. पुण्यात बाटली दिली असती तर माणसाने स्वतःचीच दिली असती, वर पावती मागितली असती आणि झाकणाच्या दर्जाबद्दल वर्तमानपत्रात पत्र लिहिलं असतं. इथे माणसांनी घरातलं चांगलं-चुंगलं निवडून पाठवलं होतं, नुसत्या पाहुणचाराच्या बुद्धीने.

धाड

धाडला गेलो तो बाजाराचा दिवस होता. बुलढाण्याहून जीपमध्ये बसलो. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने पुष्पाताई आणि मध्ये एका आजोबांचा कोंबडा, तो मला सगळा वेळ एकाच डोळ्याने निरखत होता. इकडे बोलणंही जरा बदलतं. जालना जवळ आला की 'मले'च्या जोडीला 'मला' ऐकू यायला लागतं, एकाच माणसाच्या एकाच वाक्यात दोन्ही.

बाजारात आधी भजी घेतली. भजी खात टमाट्यांच्या एका ढिगापाशी उभी राहिले. विकणारी बाई टमाटे रचत होती. लाल, टणक, चकचकीत टमाटे ती पदराला पुसून समोर ठेवायची, मऊ पडलेले मागे ढकलायची. शेजारी वांग्यांचं तेच, मेथीचं तेच. मी पुष्पाताईंना म्हटलं, "बघा, तुमच्या सासूबाईंची लघवी."

पुष्पाताई खळखळून हसल्या. मीही हसले. आणि हसता हसता मला एकनाथराव आठवले.

प्रत्येक घराने आपल्यातला सगळ्यात चांगला माणूस निवडला होता. मग एकनाथरावांच्या घराने काय केलं असेल? एक तर ते खरोखरच सरांना वाटले तसे प्रामाणिक होते. नाहीतर ती आटलेली, लिंपण चढलेली लघवी त्या घरातल्या सगळ्यात धडधाकट माणसाची होती. ज्याच्याकडे कुणाचंच लक्ष नाही, अशा माणसाची.

पुष्पाताईंचंही हसू थांबलं होतं. "मॅडम," त्या हळूच म्हणाल्या, "त्याहिच्या घरी दोघंच असतात. नवरा-बायको." माझं भजं हातातच गार झालं.

एकनाथरावांचं घर मळ्यात आहे. मी मनात प्रार्थना करत होते की हा माणूस प्रामाणिक निघू दे. दारात सडा, रांगोळी, पाट मांडलेला, शेजारची चार माणसं जमलेली. मला पाटावर बसवलं. एकनाथरावांनी माझ्या खांद्यावर शाल घातली आणि हातात नारळ दिला. गावात बातमी अशी फिरली होती की पुण्याच्या मॅडम इतक्या दुरून फक्त एकनाथरावांच्या घरी येताहेत, म्हणजे त्यांची बाटली पहिली आली.

"पहिला नंबर हाय नं मॅडम?" एकनाथरावांनी विचारलं. किडकिडीत माणूस, पाय थोडे सुजलेले, डोळे मिश्कील.

मी नारळ घट्ट धरला. "काका, ती बाटली तुमचीच होती ना?"

"मायी?" ते मोठ्याने हसले. "मायी देऊन गावाची इज्जत घालवू काय? हिची देल्ली! आमच्या घरातला सगळ्यात चोख माल!" आणि त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे हात केला. दारात शांताकाकू उभ्या होत्या, पदराला हात पुसत, लाजून हसत. गोल, भरलेला चेहरा. डोळ्यांखाली जराशी सूज. जो कुणी पाहील तो म्हणेल, बाई सुखी आहे.

"हिला आजवर सुई टोचली नाही," एकनाथराव सांगत होते. "मले झाल्यापासून माझं पथ्य, माझं पाणी, माझ्या गोळ्या, वर मळ्याचं सगळं हीच पाहते. गुडघे दुखतात तेवढे. त्याची गोळी आणते दुकानातून अन् लागते कामाले."

"रोज?" मी विचारलं.

"रोजच," शांताकाकू म्हणाल्या. "लय वर्सं झाले. गोळी घेतली का मंग काहीच नाही होत."

मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं. उंदरांना मी वाईट बातमी कधी सांगितली नव्हती. शेजारपाजारच्यांना पुष्पाताईंनी काहीतरी कारण काढून गोड बोलून वाटेला लावलं. मग मी काकूंना म्हटलं, पुन्हा एकदा थोडी लघवी लागेल, आत्ता, ताजी. त्यांनी विचारलंसुद्धा नाही कशाला. पहिला नंबर आलेल्याला पुन्हा एकदा करून दाखवायला सांगावं, तशा हुरूपाने बाटली घेऊन गेल्या.

माझ्याकडे तपासायच्या पट्ट्या होत्या. लघवीत प्रथिनं जात नसतील तर पट्टीवरचा पिवळा चौकोन पिवळाच राहतो. जात असतील तर तो हिरवा होत जातो. मी पट्टी बुडवून धरली. तिघंही माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. पिवळा चौकोन आधी पोपटी झाला, मग हिरवागार.

"हिरवी झाली," काकू आनंदाने म्हणाल्या. "चांगलं नं, मॅडम?"

मला रडू फुटलं. पुण्याची, शिकलेली, खांद्यावर शाल, मांडीवर नारळ, आणि मी पदर नाही म्हणून ओढणीने डोळे पुसत होते. मग जमेल तसं सांगितलं. मी डॉक्टर नाही, पट्टीवरून सगळं कळत नाही, पण उद्याच्या उद्या बुलढाण्याला जाऊन रक्त तपासा, दाब बघा आणि ती गुडघ्याची गोळी आजपासून बंद, रोज घेतली की ती मूत्रपिंड झिजवते.

काकूंना ते पटेचना. "मले काय झालं? मी तं कधी पडलीच नाही." आणि मग, हे जास्त काळजीने, "मंग याहिचं पथ्य कोन पाहीन?"

एकनाथराव उठून आत गेले, फळीवरचं गोळ्यांचं पाकीट आणलं आणि उकिरड्याकडे भिरकावून दिलं. मग बायकोवर ओरडायला लागले, दुखते तर सांगता येत नाही का, तोंड शिवलं का, मी काय मेलो होतो का. खूप घाबरलेला माणूस असाच ओरडतो. काकू ऐकून घेत होत्या आणि पुष्पाताईंना खुणेने सांगत होत्या की चहा ठेव.

नंतरचं आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. पुष्पाताई दुसऱ्याच दिवशी दोघांना बुलढाण्याला घेऊन गेल्या. काकूंचं मूत्रपिंड बरंच झिजलंय, पण पार गेलेलं नाही. औषधं सुरू आहेत. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. वेळेत कशा आल्या ते पुष्पाताईंनी त्यांना सांगितलं नाही. आम्ही बाटल्या पुन्हा गोळा केल्या, या वेळी पुष्पाताई प्रत्येकाच्या मोरीबाहेर उभ्या राहिल्या. सरांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "नमस्कार सांगितलात ना?" मी हो म्हटलं. तो कुणाला सांगितला ते त्यांनी विचारलं नाही.

पण त्या दिवशी आम्ही धाडमध्ये जेवूनच निघालो. पाहुण्याला उपाशी सोडणं त्या घरात मंजूर नव्हतं, कुणाचं मूत्रपिंड कसंही असो. चुलीपाशी नेहमीप्रमाणे दोन पातेली होती, एक एकनाथरावांच्या अळणी भाजीचं, एक बाकीच्यांचं. काकू वाढायला वाकल्या तेव्हा एकनाथरावांनी त्यांना हाताला धरून शेजारी बसवलं. आमच्या पानांत त्यांनी तिखट-मिठाची वांगी वाढली आणि बायकोच्या ताटात स्वतःच्या पातेल्यातली, पांढुरकी.

डॉक्टरांनी अजून काहीच सांगितलं नव्हतं. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, मुकाट्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि घास तोंडात घातला. चावता चावता त्या थांबल्या.

"व माय," त्या म्हणाल्या. "हे खाऊन राह्यले होते तुमी? इतके वर्सं? अन् कधी बोलले नाही?"

"रोज बोललो," एकनाथराव म्हणाले. "तू ऐकशीन तवा नं."

काकूंना हसू आलं आणि त्याच हसण्यात डोळे भरून आले. त्यांनी ताटावर हात आडवा धरला. "बस, पुरे झालं," त्या म्हणाल्या. एकनाथरावांनी तो हात उचलून बाजूला ठेवला आणि आणखी एक पळी वाढली.